साहेबरावांनी खोदलेला समुद्र

आमच्या बदनापुरात समुद्र आहे, असं मी सांगितलं की बाहेरगावचे पाहुणे आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या नवऱ्याकडे. नवरा, म्हणजे भुजंगराव, मान खाली घालून चहा पितात. उषा कधी खरं बोलते आणि कधी फिरकी घेते हे त्यांनाच एवढ्या वर्षांत कळलेलं नाही, पाहुण्यांना काय कळणार! पण समुद्र खरंच आहे. माझ्या भिंतीच्या पलीकडे, चांगुणाबाईच्या अंगणात, सिमेंटच्या स्लॅबखाली. वर लोखंडी झाकण आहे, झाकणाला कुलूप आहे आणि कुलपाची किल्ली चांगुणाबाईच्या कमरेला आहे.

तो हौद आहे. खडकात खोदलेला, दोन पुरुष खोल. चांगुणाबाईचे मालक साहेबराव इथल्या शेती संशोधन केंद्रात रोजंदारीवर होते. दिवसभर सरकारी तुरीत खुरपायचं आणि संध्याकाळी घरी येऊन अंगणातल्या खडकावर छन्नी चालवायची, असे त्यांचे कितीतरी उन्हाळे गेले. लोक आधी म्हणाले, विहीर खोदतोय. पाणी लागेना तेव्हा म्हणाले, येडा झालाय. मी तेव्हा नवी सून होते. भिंतीवरून डोकावून विचारायची, "मामा, काय खोदून राह्यले?"

ते घाम पुसत म्हणायचे, "समुद्र. तुझ्या मामीला समुद्र बघायचाय. तिथं न्यायची ऐपत न्हाई, म्हणून हितंच आणून राह्यलो."

मामी, म्हणजे चांगुणाबाई, आतून ओरडायची, "बोलू नका, खोदा!"

पत्र्यावरचं पावसाचं पाणी पन्हाळीतून, पन्हाळीच्या तोंडाला बांधलेल्या फडक्यातून हौदात उतरतं. आमच्या गावात नळाची मर्जी असली तर आठव्या दिवशी पाणी येतं, मर्जी नसली की दहाव्या. अशा गावात तो हौद भर उन्हाळ्यात अर्धी गल्ली पोसतो. गल्लीतली पोरंसुद्धा सरळ सांगतात, "आई, समुद्रावरून बादली आणतो."

माझ्या सासूबाई जुन्या वळणाच्या होत्या. बौद्धांच्या घरचं पाणी आमच्या घरात चालत नव्हतं, एवढंच सांगते, बाकी तुम्हाला समजतं. मग एक उन्हाळा असा आला की गल्लीतले सगळे बोअर आटले आणि टँकरवर डोकी फुटायला लागली. तेव्हा सासूबाई पदर पुढे ओढून, हातात एक बारकी कळशी घेऊन चांगुणाबाईच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी भिंतीमागे कान लावून. म्हटलं, आता मामी सगळं व्याजासकट काढते. मामीनं कळशीकडे बघितलं आणि म्हणाली, "आत्याबाई, कळशी काय घेऊन आलात? हंडा आणायचा की मोठा."

बस्स, एवढंच. त्यानंतर सासूबाई मरेपर्यंत त्याच पाण्याचा चहा पीत होत्या. साखर कमी पडली की मला बोलायच्या, पाण्याला कधी बोलल्या नाहीत.

तर असा तो समुद्र. साहेबरावमामा जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांचा मुलगा राजानंद तीर्थपुरीला शाळेत मास्तर आहे. शांत, सरळ पोरगा. लहानपणी माझ्या पेरूच्या झाडावर चढायचा, तेवढाच काय तो त्याचा गुन्हा. त्यानं गेल्या वर्षी गाडी घेतली. पांढरी, चकचकीत. पेढे वाटले, मी दोन खाल्ले. मग प्रश्न आला की गाडी ठेवायची कुठं? आमची गल्ली म्हणजे समोरून म्हैस आली तर माणसानं कुणाच्या तरी ओट्यावर चढावं अशी. अंगण आहे, पण अंगणाच्या मधोमध हौद. स्लॅबला चीर गेलेली. इंजिनिअर येऊन बघून गेला आणि म्हणाला, मुरूम टाकून बुजवा, वरून काँक्रीट करा, गाडी ऐटीत उभी राहील.

राजानंदचं म्हणणं चुकीचं नव्हतं. स्लॅब खरंच धोक्याचा झाला होता, आणि नवी नळयोजना येणार येणार असं सगळेच म्हणत होते. पण पोरगा आईच्या पुढं गेला नाही. म्हणाला, "आई, तुझ्या तोंडानं हो म्हण. तू न्हाई म्हणलीस तर मी एक टोपलं मुरूम टाकणार न्हाई."

मामी दोन दिवस गप्प बसली. भिंतीला लावून लावून माझा कान गार पडला. तिसऱ्या दिवशी तिनं तोंड उघडलं.

"राजा, तुझा बाप त्याला समुद्र म्हणायचा. मी खरा कधी बघितला न्हाई, म्हणून मी पण म्हणत आले. मला एकदा खरा दाखव. तो ह्याच्यापेक्षा चांगला निघाला तर बुजव. बघूनच सांगते."

राजानंद हसला. त्याची बायको ज्योत्स्ना हसली. भिंतीअलीकडे मी तोंडात पदर कोंबला. हौद आणि समुद्राची शर्यत! म्हातारी हरली, असं मी त्याच संध्याकाळी गल्लीभर सांगून टाकलं. मनातून मात्र जरा चरकले, कारण हौद गेला तर माझ्या हंड्याचं काय?

राजानंदनं विशाखापट्टणम ठरवलं. म्हणाला, मुंबईचा समुद्र सगळेच बघतात. तिथं जुनं बंदर आहे, आणि समुद्राला लागून डोंगरावर दोन हजार वर्षांपूर्वीचे स्तूप आहेत, भिक्खूंचे विहार आहेत. आईला समुद्रही दिसेल, वंदनाही होईल. मी लगेच म्हटलं, "म्हातारं माणूस परमुलखात न्यायचं, तर सोबतीला बाईमाणूस पाहिजे."

"वहिनी, ज्योत्स्ना हाये की."

"ज्योत्स्ना तुझ्या सोबतीला. मी मामीच्या."

भुजंगरावांनी इतक्या आनंदानं माझी पिशवी भरून दिली की मला थोडा संशयच आला.

जालन्याहून रेल्वेनं निघालो. धपाटे, ठेचा, शेंगदाण्याची चटणी हे तर होतंच, पण मामीनं मांडीजवळ एक पांढरा कॅन धरला होता. हौदाच्या पाण्याचा. म्हणे परमुलखाचं पाणी बाधतं. ज्योत्स्ना म्हणाली, "आई, स्टेशनवर बाटली मिळते."

"मिळू दे. तू पी बाटली."

सिकंदराबादला गाडी बदलली, तिथपर्यंत मी राणीसारखी वागले. हमालाशी, चहावाल्याशी माझी दखनी हिंदी खटाखट चालत होती. राजानंदला म्हटलं, "बघ, आपल्या आज्या-पणज्यांनी निजामाचं राज्य फुकट नाही सोसलं. पुढं पण मीच बोलते." पुढं विशाखापट्टणमला उतरल्यावर रिक्षावाल्याला म्हटलं, "भैया, हमकू समिंदर किनारे की लॉज पे जल्दी छोडो." त्यानं माझ्याकडं बघून असं काही तेलुगू सोडलं की पत्र्यावर गारा पडाव्यात.

"वहिनी, विशाखापट्टणम निजामाकडं नव्हतं," राजानंद हळूच म्हणाला.

"मंग आधी सांगायचं की!"

लॉजवर पोचलो तेव्हा लाइट गेलेली होती. मामीनं खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या पहिलं काम केलं ते नळ बघायचं. सोडला, तर फक्त हवा. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं. आमच्या गावात अशा वेळी काय करतात ते पोरासोरांना पण माहीत आहे. नळ उघडा ठेवायचा आणि खाली बादली लावायची. पाणी कधी आलं तरी बादलीत वाजतं आणि माणूस धावत येतो. आम्ही दोघींनी मिळून बादली बराबर नळाखाली सरकवली, वर प्लास्टिकचा मग ठेवला, आणि कुलूप लावून समुद्र बघायला गेलो.

आता समुद्राचं सांगते, आणि इथं मी मस्करी करणार नाही.

रस्ता ओलांडला, एक कठडा आला, आणि कठड्यापलीकडं जमीन संपली. मला वाटलं होतं, मोठं तळं असतं तसं असेल, फार तर जायकवाडीच्या बॅकवॉटरसारखं. पण तळ्याला पलीकडचा काठ असतो, ह्याला नव्हता. पाणी जाऊन जाऊन आभाळाला लागलं होतं आणि तिथून परत वळून आमच्याकडं येत होतं. एक लाट वाकायची, पांढरी व्हायची, फुटायची, तोवर दुसरी तयार. कुणी सांगत नव्हतं, कुणी थांबवत नव्हतं. आवाज असा की छातीत कुणीतरी जातं फिरवतंय. मी, जिचं तोंड भुजंगरावांना लग्नापासून बंद करता आलं नाही, ती तिथं तोंड उघडं ठेवून उभी होते आणि त्यातून शब्द येत नव्हता.

मामी चपला हातात घेऊन वाळूत उतरली. लाट तिच्या पायावरून गेली, परत जाताना पायाखालची वाळू ओढून घेऊन गेली, आणि म्हातारी डगमगली. मी दंड धरला. ती म्हणाली, "उषे, हे जित्तं हाये गं." मग तिनं ओंजळ भरली. मी म्हटलं, "मामी, खारट असतं," तोवर तिनं तोंडाला लावलंच. डोळे मिटले, थुंकली, आणि कॅनमधून हौदाचं पाणी काढून चूळ भरली. तरी तिची नजर समुद्रावरून हलली नाही. दिवस कलायला लागला, पाण्याचा रंग निळ्याचा राखाडी झाला, दूर जहाजांचे दिवे लागले. राजानंदनं विचारलं, "कसा हाये आई?"

"लई मोठा हाये रे बाबा. लई मोठा."

राजानंदचा चेहरा उजळला. मी मनात म्हटलं, गेला हौद.

लॉजवर परत आलो तर जिन्याच्या पायऱ्यांवरून पाणी उतरत होतं. वर मॅनेजर लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून, आमच्या खोलीचं दार उघडून आत उभा. आमच्या मागं लाइट आली, लाइटमागं पाणी आलं, बादली भरली, वाजली, आणि ते ऐकायला आम्ही नव्हतो. गाद्यांचे कोपरे भिजले, माझ्या पिशवीतले धपाटे भिजले, शेजारच्या खोलीतल्या बंगाली कुटुंबाच्या चपला तरंगत जिन्यापर्यंत आल्या होत्या. मॅनेजर हात जोडून, हात उगारून, हात हलवून बोलत होता. काय बोलत होता ते कळायला तेलुगू यायची गरज नव्हती. मी आणि मामी गुपचूप दोन मग घेऊन पाणी परत बादलीत भरायला लागलो, तर तो आणखीनच भडकला.

राजानंदनं सगळ्यांची माफी मागितली. शेजाऱ्यांच्या चपला स्वतः उचलून दिल्या. मग खोलीत येऊन, आवाज दाबून म्हणाला, "आई, कुठंही गेलं तरी तुझं पाणी आणि तुझी बादली! जिंदगीभर हेच. साठव, साठव, साठव. लोक काय म्हणत असतील? घरी गेल्यावर तो हौद बुजवला म्हणजे तरी हे येड संपंल."

ज्योत्स्नानं त्याचा हात ओढला. ओल्या फरशीवर बसून मामीनं फडक्यानं पाणी टिपलं आणि फडकं बादलीत पिळलं. सांडलेलं पाणीसुद्धा ती बादलीतच पिळत होती. सवय. मी तिच्या शेजारी बसून दुसरं फडकं घेतलं.

दुसऱ्या दिवशी शहर फिरलो. राजानंद रात्रीच्या रागानं शरमलेला, म्हणून आईला हात धरून धरून दाखवत होता. किनाऱ्यावर एक खरीखुरी पाणबुडी जमिनीवर आणून ठेवली आहे. वाकून आत शिरायचं. आत नळ्या, चाकं, घड्याळं, आणि एकावर एक टांगलेल्या झोपायच्या फळ्या. दाखवणारा म्हातारा नौदलातून निवृत्त झालेला, हिंदी बोलणारा. म्हणाला, सत्तर-पंच्याहत्तर माणसं ह्यात पाण्याखाली राहायची. मी फळी बघून म्हटलं, "भुजंगरावांना हितं झोपवलं तर घोरण्यानं शत्रू पळून जाईल." तो हसला. मामीनं मात्र सरळ विचारलं, "पिने का पाणी?"

"टाकीत भरून न्यायचो माताजी. मोजून मिळायचं. आंघोळ तर विसराच."

मामीनं मला कोपरानं ढोसलं. "बघ. समुद्राच्या पोटात राहून आंघोळ न्हाई. आपलीच भाऊबंद दिसतेत."

मग जुन्या शहरात गेलो. तिथं बंदराच्या तोंडाशी लागून तीन टेकड्या. एकीवर चर्च, एकीवर दर्गा, एकीवर देऊळ, आणि तिघांच्या पायाशी एकच पाणी. बोटी आत येतात त्या तिघांच्या समोरून येतात. आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर बसलो. समोर डोंगराचं नाक समुद्रात घुसलेलं, त्यावर दीपगृह. खालून एक जहाज निघालं, एवढं मोठं की आमची अख्खी गल्ली तिच्या भांडणांसकट त्यात मावली असती, आणि ते बघता बघता तांदळाच्या दाण्याएवढं होऊन पुसलं गेलं. मामी ते पुसलं जाईपर्यंत बघत होती.

मग म्हणाली, "राजा, तुझा बाप खोटं बोलला. आपला तो समुद्र न्हाई. कुठं हे आन् कुठं ते डबकं."

एवढ्या सहज जिंकेल असं राजानंदलाही वाटलं नसावं. "मंग... बुजवायचा?"

"उद्या दर्शनाला जायचं ना? तिथं स्तूपासमोर सांगते. तोंडातून शब्द गेला की गेला, म्हणून चांगल्या जागी जाऊ दे."

ज्योत्स्ना बंदराकडं बघत राहिली. मी चर्चच्या पायरीवरचा एक खडा उचलून खाली फेकला. तो पाण्यापर्यंत पोचलाच नाही.

तिसऱ्या दिवशी मामीनं पेटीतली पांढरी साडी काढली. रिक्षा समुद्राकाठच्या रस्त्यानं निघाली, उजव्या हाताला समुद्र सोबत धावत होता. शहर मागं पडल्यावर डावीकडं टेकडी लागली. तोटलकोंडा म्हणतात तिला. वरपर्यंत गाडी जाते, पण मामी म्हणाली, "दर्शनाला बसून जायचं न्हाई." म्हणून शेवटची चढण पायवाटेनं चाललो. माती आपल्यासारखी काळी नाही, लाल. दोन्हीकडं खुरटी झुडपं, वारा भणाणलेला. गंमत अशी की चढताना समुद्र पाठीमागं असतो. दम खायला थांबलं आणि मागं वळून बघितलं की तो आधीपेक्षा मोठा झालेला असतो. जितकं वर जावं तितका वाढतो. तिसऱ्यांदा वळले तेव्हा मला भीतीच वाटली. म्हटलं, वर पोचेपर्यंत आभाळाला जागा उरते की नाही.

वर एक पहारेकरी होता, खाकी कपड्यातला, काळासावळा, पन्नाशीचा. राजानंदनं इंग्रजी करून बघितलं, मी हिंदी करून बघितलं, तो नुसता मान हलवत होता. मामी पुढं झाली, हात जोडले आणि म्हणाली, "जय भीम."

त्या माणसाचा चेहरा असा उघडला की जणू माहेरचं माणूस भेटलं. "जय भीम, अम्मा! जय भीम!" मग तो तेलुगूत बोलत होता, मामी मराठीत, आणि दोघांचं बिलकुल अडलं नाही. मी आणि माझी दखनी मागून पिशव्या घेऊन.

त्यानं सगळं दाखवलं. विटांचे आणि दगडांचे गोल स्तूप. भिक्खूंच्या खोल्यांच्या ओळी, आता फक्त कमरेएवढ्या भिंती उरलेल्या. एक भिक्खू मावेल एवढी खोली, बस्स. हे त्यांचं स्वयंपाकघर, हे जेवायचं दालन. त्यानं बोटांनी नाण्याचा आकार करून समुद्रापलीकडं हात दाखवला. राजानंद म्हणाला, इथं परदेशी नाणी सापडली होती. म्हणजे समुद्र-आभाळ मिळतात त्या रेषेपलीकडून गलबतं येत होती, खलाशी ही टेकडी चढून येत होते. मोठ्या स्तूपापाशी मेणबत्ती लावू देत नाहीत, पण त्यानं आम्हाला बसू दिलं. तिघांनी त्रिसरण, पंचशील म्हटलं. मी हात जोडून बसले. माझं देऊळ वेगळं असलं तरी हात तेच आहेत. मामीचा बारीक, चिरका आवाज वाऱ्यावर उडत खाली समुद्राकडं गेला. दोन हजार वर्षांपूर्वी इथं हेच शब्द म्हटले जात होते, असं राजानंदनं सांगितलं, आणि माझ्या अंगावर काटा आला तो बराच वेळ गेला नाही.

मामी उठली. राजानंद तिच्याकडं बघत होता. आता ती सांगणार. पण पहारेकरी हाक मारत होता, "अम्मा, अम्मा," आणि खडकाच्या उताराकडं बोट दाखवत होता. अजून एक राहिलंय, असा त्याचा हात.

खडकात चौकोनी खड्डा होता. नाही, खड्डा नाही. भिंती सरळ उतरवलेल्या, कोपरे काढलेले, तळाशी पाणी. पुढं आणखी एक. त्याच्यापुढं आणखी. आख्ख्या टेकडीच्या माथ्यावर, काळ्या खडकात कोरून काढलेली पाण्याची टाकी. पहारेकऱ्यानं आभाळाकडं बोट केलं, बोटांनी पाऊस पाडला आणि तो टाक्यात उतरवला. राजानंदनं फलक वाचून सांगितलं की टेकडीचं नावच ह्या टाक्यांवरून पडलंय.

मामी काठावर बसली. पांढरी साडी मातीत. तिनं हात आत घातला आणि भिंतीवरून फिरवला. तिरपे, एकाखाली एक, जवळजवळ ओरखडे. छन्नीचे घाव.

"उषे, हात लाव."

मी लावला. साहेबरावमामाच्या हौदाच्या तोंडाशी, पाणी काढताना माझा हात रोज ज्या भिंतीला घासतो, ती भिंत. तसेच घाव. तोच कल. मी मान वर केली तर समोर समुद्र, टाक्याच्या काठापासून सुरू झाल्यासारखा, निळा, अफाट, आभाळापर्यंत.

मामीनं समुद्राकडं बघितलं, टाक्याकडं बघितलं आणि पोराला विचारलं. लबाडीनं नाही. मी लबाडी ओळखते, माझा धंदा आहे तो. खरंच न कळून विचारलं.

"राजा, येवढा समुद्र पायाशी असताना ह्यांनी हे कशापायी कोरलं रे?"

राजानंद मास्तर. प्रश्न आला की उत्तर देतो. "आई, समुद्राचं पाणी कितीही असलं तरी पिता येत न्हाई ना. म्हणून भिक्खूंनी पावसाचं पाणी साठवायला खडकात..."

आणि तो थांबला.

वारा होता. खाली लाट फुटल्याचा आवाज इतक्या वरपर्यंत येत होता. ज्योत्स्ना नवऱ्याकडं बघत होती. माझ्या जिभेच्या टोकावर धरण उशाला आन् कोरड घशाला ही म्हण आली होती, अगदी तयार, आणि मी ती गिळली. आयुष्यात पहिल्यांदा. भुजंगराव असते तर त्यांनी त्याच टेकडीवर पेढे वाटले असते.

राजानंद गुडघ्यावर बसला. त्यानं बाही वर केली आणि आईनं फिरवला तिथंच हात फिरवला. बराच वेळ. मामीनं पिशवीतून पांढरा कॅन काढला. तळाला राहिलेलं पाणी झाकणात ओतलं आणि त्याच्यापुढं धरलं.

"घे. चढून दमला असशील."

तो प्यायला. मग मामी म्हणाली, "स्तूपासमोर सांगते म्हणले होते. जायचं का तिकडं? सांगते."

"नको," राजानंद म्हणाला. "सांगू नको आई."

"मी तुला शब्द दिलाय. हा समुद्र आपल्या हौदापेक्षा लई मोठा हाये, हे मी काल पण म्हणले आन् आज पण म्हणते. त्यात खोटं न्हाई."

"मोठा हाये," तो म्हणाला. "पण तू म्हणली होतीस, चांगला निघाला तर."

मामीनं त्याच्याकडं बघितलं आणि त्याच्या डोक्यावर ओलाच हात ठेवला. "मास्तर झालास खरा," ती म्हणाली. पहारेकऱ्याला ह्यातलं काहीच कळलं नाही, पण तो आमच्यासोबत डोळे पुसत होता. जाताना मामीनं त्याला उरलेले धपाटे दिले, जे भिजले नव्हते ते.

गावी आल्यावर इंजिनिअरला परत बोलावलं. चिरलेला स्लॅब काढून नवा टाकला. मिरगाचा पाऊस लागायच्या आत हौद उपसून धुवावा लागतो. दर वर्षी ते काम मजूर लावून होतं. यंदा राजानंद स्वतः शिडी लावून आत उतरला. मी भिंतीवरून बघत होते. बराच वेळ घासण्याचा आवाज आला, मग आवाज थांबला.

मामी काठावरून वाकून म्हणाली, "काय झालं रे?"

खालून घुमत आवाज आला, "काही न्हाई. बाबाच्या छन्नीचे घाव बघून राह्यलो."

"बघून झाले की धू. पाऊस तुझ्यासाठी थांबायचा न्हाई."

आणि गाडी? ती पांढरी, चकचकीत गाडी आता गल्लीत असते. अर्धी त्यांच्या दारात आणि अर्धी माझ्या. भुजंगरावांना मोटारसायकल काढताना पोट आत ओढून, आरसा मिटून, देवाचं नाव घेऊन काढावी लागते. गेल्या आठवड्यात त्यांचं कोपर गाडीला घासलं, गाडीला काही झालं नाही. मी पदर खोचला आणि तणतणत चांगुणाबाईच्या अंगणात गेले. म्हटलं आज सोडत नाही. "मामी, तुमच्या समुद्रापायी माझं दार बंद झालंय! माझा माणूस घरातून निघायचा कसा?"

ती नव्या स्लॅबवर बसून शेंगा फोडत होती. मान वर करून तिनं माझ्या रिकाम्या हातांकडं बघितलं.

"उषे, भांडायला आलीस आन् मोकळ्या हातानं?" ती कमरेची किल्ली काढत म्हणाली. "हंडा आणायचा की मोठा."

मी परत गेले आणि हंडा घेऊन आले.